‘मेंबर आहात का?’ असं कुणी विचारलंच नाही!

पुढच्या सुट्टीत मुंबईला जाणार असाल, तर तुमच्या यादीत गेटवे, मरीन ड्राइव्ह आणि एखादा मॉल असणारच. त्यात माझ्यातर्फे एक ठिकाण वाढवा : खारघरचं गोल्फचं मैदान. हसू नका राव, मीही हसलो होतो.

आपण नगरकर. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तरी एसटीत तिकीट काढताना तोंडातून ‘एक नगर’च निघतं. आपल्या जिल्ह्याने श्रीरामपूरचा झहीर खान दिला, संगमनेर तालुक्यातला अजिंक्य रहाणे दिला. क्रिकेट, कबड्डी, कुस्ती हे आपले खेळ. गोल्फ म्हटलं की सिनेमातला तो शेठ आठवतो, पांढरी टोपी घालून कोट्यवधींचं डील करणारा. ‘ते आपलं काम नाही,’ म्हणायचं आणि विषय संपवायचा.

माझा मामेभाऊ नवी मुंबईत नोकरीला आहे. ऑफिसातल्या मित्रांनी त्याला गोल्फचा नाद लावला. गेल्या हिवाळ्यात मी त्याच्याकडे गेलो, तर पठ्ठ्याने पहाटे साडेपाचला उठवलं. ‘कॉलरचा टी-शर्ट घाल, चल.’ गेटपाशी माझी पावलं जड झाली. ‘अरे, मेंबर आहे का विचारतील ना?’ तो म्हणाला, ‘मेंबर कशाला? पैसे भर आणि खेळ.’ खरंच तसं आहे. हे मैदान सिडकोचं. १९७०मध्ये स्थापन झालेली आणि नवी मुंबई वसवणारी हीच ती सरकारी कंपनी. हा कुणाचा खासगी क्लब नाही.

माझा पहिला फटका सांगतो. चेंडू जागेवरच आणि गवताचं ढेकूळ हवेत! कॅडीकाका शांतपणे म्हणाले, ‘मान वर करू नका. बॉल कुठं जातो ते मी बघतो.’ चार फटक्यांत संपवायच्या होलला मला अकरा लागले. आणि खरी गंमत पुढे. इथे शेजारी अंपायर उभा नसतो, आपले फटके आपणच मोजायचे. ‘नऊ’ लिहावं असं एकदा मनात आलं. भाऊ बघतही नव्हता. पण अकराच लिहिले. एकमेकांच्या फायली बघून सबमिशन पूर्ण करणाऱ्या आपल्यासारख्यांना हा पेपर अवघडच की!

घरी आल्यावर वाचत बसलो, तेव्हा कळलं की हा खेळ मुळात फक्त शेठजींचा नव्हताच. स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज म्हणजे गोल्फची पंढरी. तिथला ओल्ड कोर्स सार्वजनिक जमिनीवर आहे आणि रविवारी सहसा खेळ बंद ठेवून तो लोकांना फिरायला मोकळा असतो. अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहराच्या मालकीचं टोरी पाइन्स घ्या. तिथे २००८ आणि २०२१ची यूएस ओपन झाली. आणि एरवी तिथे कुणीही फी भरून खेळू शकतं. आपल्याकडे दिल्लीचा अली शेर दुसऱ्यांच्या बॅगा उचलणारा कॅडी होता. १९९१मध्ये तो इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरला. तो आत आला होता ओझं उचलायला. खेळण्यासाठी थेट आत येता आलं असतं, तर असे किती अली शेर निघाले असते?

‘मग नगरलाही गोल्फ कोर्स हवा म्हणतोस?’ नाही, मुळीच नाही. अठरा होलच्या मैदानाला शंभर एकरांहून जास्त जमीन लागते आणि ते हिरवं ठेवायला भरमसाट पाणी. पाथर्डी-पारनेरच्या गावांत उन्हाळ्यात टँकरची वाट बघत लोक उभे असताना असली मागणी करायला मला तरी लाज वाटेल.

मला खारघरहून मैदान आणायचं नाही, गेटवरचा तो नियम आणायचाय : कुणाचा कोण हे न विचारता आत सोडणं. सरकारी पैशातून झालेली मैदानं, तलाव आणि हॉल आपल्याही जिल्ह्यात आहेत. त्यांच्या गेटवर वेळ आणि फी लिहिलेली पाटी असते का, बघा. मुलींना संध्याकाळी तिथे हक्काने खेळता येतं का, बघा. कधी लग्नाचा मांडव, कधी गाड्यांचं पार्किंग, कधी ‘साहेबांची परवानगी आणा’. आपण बाहेरूनच वळतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपण विचारतही नाही.

म्हणून दोन कामं करा. पहिलं, फिरायला गेलात की ‘आपला नाही’ असा एक खेळ खेळून बघा. गोल्फची फी वडापावच्या हिशेबात बसणारी नाही, हे कबूल. पण ड्रायव्हिंग रेंजवर बादलीभर चेंडूंचे पैसे भरून नुसते फटके मारता येतात. आधी फोन करून वेळ आणि फी तेवढी विचारा. दुसरं, परत आल्यावर आपल्या गावातल्या मैदानाच्या गेटवर जा आणि तोच प्रश्न विचारा : ‘इथे कुणीही खेळू शकतं का?’

उत्तर ‘नाही’ आलं, तर ‘का?’ हेही विचारा. एकट्याने जाऊ नका, अख्खी गँग घेऊन जा.