औषध देणारा शेवटचा हात

वडोदऱ्याच्या उत्तरेस जुन्या अहमदाबाद रस्त्यावर छाणी वसलेली आहे. जवळच खताचा कारखाना, तेलशुद्धीकरणाचा पसारा, आणि मध्ये जुन्या जैन मंदिरांचे गाव. वडोदरा हे औषधांचेही शहर होय. 1907 साली स्थापन झालेल्या अलेम्बिकच्या संस्थापकांत गज्जर व अमीन यांच्याबरोबर कोटिभास्कर हेही नाव आहे. आमच्या गोमंतकातही औषधनिर्मितीचे कारखाने थोडेथोडके नाहीत. कारखान्यात प्रत्येक बॅचची तपासणी होते, नोंद राहते, सही होते. त्याच औषधाचा कुपीपासून रुग्णाच्या शिरेपर्यंतचा अखेरचा प्रवास मात्र परिचारिकेच्या हातून घडतो, आणि तेथे तिच्यामागे दुसरा तपासनीस बहुधा नसतो.

31 जानेवारी 2021 रोजी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात कापसी-कोपरी येथे पोलिओच्या डोसाऐवजी बारा बालकांच्या तोंडात हात निर्जंतुक करण्याच्या द्रवाचे थेंब गेले. मुले सुदैवाने बचावली. संबंधितांवर कारवाई जाहीर झाली, आणि प्रकरण लोकांच्या विस्मरणात गेले. दोन द्रव एकाच टेबलावर हाताशी आले कसे, हा खरा प्रश्न होता.

असे सापळे प्रत्येक रुग्णालयात मांडून ठेवलेले आहेत. नवजात अर्भकाला द्यावयाचे के जीवनसत्त्व (व्हिटॅमिन के) आणि प्रसूतीनंतर मातेला द्यावयाचे मेथर्जिन यांच्या इवल्याशा कुप्या एकाच ट्रेमध्ये असतात. अदलाबदल झाली तर अर्भकाचा श्वास कोंडतो. इन्सुलिनचे तर विचारूच नका. आपल्याकडे एका मिलिलिटरला चाळीस युनिटचे आणि शंभर युनिटचे अशी दोन्ही इन्सुलिने मिळतात. लाल टोपणाची सिरिंज चाळीसासाठी, नारिंगी टोपणाची शंभरासाठी. शंभराचे औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत ओढले, तर रुग्णाच्या अंगात दहा नव्हे, पंचवीस युनिट जातात. पहाटे घामाने निथळलेला रुग्ण ‘झोपला आहे’ असे समजून नातलग पांघरूण घालतात!

चूक टाळणे हा विषयाचा अर्धाच भाग झाला. औषध बरोबर दिले तरी त्याचा दुष्परिणाम होऊ शकतो, आणि तो प्रथम दिसतो परिचारिकेला. डॉक्टरांची फेरी काही मिनिटांची, तिची पाळी आठ तासांची. डिगॉक्सिन देण्यापूर्वी पूर्ण मिनिटभर नाडी मोजणे, ती साठाखाली असल्यास गोळी थांबवून डॉक्टरांना कळविणे. क्षयरोग्याने ‘कानात घुंई होते’ म्हटले की स्ट्रेप्टोमायसिनची आठवण होणे, हे पुस्तकी पांडित्य नव्हे. 1986 च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरॉलमुळे मूत्रपिंडे निकामी होऊन चौदा रुग्ण दगावले, न्या. लेंटिन आयोगाने औषधखरेदीतील अनागोंदी उघड केली. अशा विषबाधेची पहिली खूण लघवीच्या मोजमापात उमटते, आणि ते मोजमाप लिहिणारा हात परिचारिकेचाच.

नवे औषध बाजारात आले की कंपनीचा प्रतिनिधी डॉक्टरांच्या दाराशी पोचतो. परिचारिकेला कोण सांगतो? पदविका घेऊन बाहेर पडल्यावर पंधरा वर्षे तिला औषधशास्त्राचा एक धडाही न मिळणे हे आपल्या व्यवस्थेत विशेष मानले जात नाही. त्यात भीतीची भर. चूक कबूल केली तर निलंबन, दुष्परिणाम नोंदविला तर ‘तू काय दिलेस?’ असा उलट सवाल. मग कागद कोरा राहतो. हेतुपुरस्सर हलगर्जीपणाला क्षमा नको. पण प्रामाणिक कबुलीला शिक्षा देणारे रुग्णालय पुढच्या चुकीची सोय करीत असते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

2010 पासून भारतात औषधसतर्कता कार्यक्रम चालू आहे. गाझियाबादच्या भारतीय फार्माकोपिया आयोगाकडून त्याचे संचालन होते, आणि परिचारिकेलाही संशयित दुष्परिणाम थेट कळविता येतो. किती वॉर्डांत हे ठाऊक आहे? छाणीसारख्या शहराच्या कडेच्या वस्तीत, किंवा आमच्या पेडणे-काणकोणात, महिन्यातून अर्धा तास औषधतज्ज्ञाने परिचारिकांशी बोलावे, सारख्या दिसणाऱ्या कुप्या निरनिराळ्या खणांत ठेवाव्यात, तीव्र पोटॅशियम क्लोराइड सर्वसाधारण वॉर्डातून हलवावे. यास फार मोठ्या अंदाजपत्रकाची गरज नाही. कार्यक्रमाचा 1800-180-3024 हा निःशुल्क क्रमांक कामकाजाच्या दिवशी दिवसा उपलब्ध असतो. तो औषधांच्या कपाटावर लावावा, आणि त्याखाली, रात्रपाळीत शंका आल्यास ज्यांना झोपेतून उठविता येईल अशा डॉक्टरांचा क्रमांकही.