कृषी पर्यटन आणि पाहुण्याची चादर

कृषी पर्यटनाच्या प्रशिक्षणात हुरडा, बैलगाडी, शिवारफेरी यांवर सविस्तर चर्चा होते. मुक्कामी पाहुण्याच्या अंथरुणाविषयी मात्र क्वचितच कोणी बोलते. वास्तविक यजमानाच्या स्वच्छतेची पारख पाहुणा चादरीवरूनच करतो.

पांढरी चादर पिवळी पडली, की ब्लीचचा मारा केला जातो. कूपनलिकेच्या पाण्यात लोह असेल, तर हा उपाय उलटतो. क्लोरीनमुळे लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन गंजासारखे डाग कापडात बसतात. जड पाण्यात साबणाचा साका धाग्यांत अडकतो व चादर राठ होते; तेथे डिटर्जंटच योग्य. म्हणून मातीप्रमाणे धुण्याच्या पाण्याचेही परीक्षण करून घ्यावे. प्रत्येक खाटेमागे तीन संच असावेत: एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. पावसाळ्यात तिसरा संच हाताशी असला, म्हणजे दमट चादर घाईने अंथरण्याची वेळ येत नाही. ब्लीच मिसळलेले पाणी परसबागेत सोडू नये.

हा सारा भार बहुधा घरातील स्त्रीवर पडतो आणि मुक्कामाच्या दरात त्याचा हिशेब नसतो. प्रकल्प अहवालात धुलाईचा खर्च व तिची मजुरी स्वतंत्रपणे दाखवावी, असा आग्रह विस्तार कार्यकर्त्यांनी धरला पाहिजे. तो खर्च निघत नसेल, तर खोल्या कमी ठेवाव्यात. तिच्या बिनमोल श्रमालाच नफा म्हणू नये.