ऐकावं ते नवलच : पाच शब्दांचे २१ कोटी!

काय दोस्तांनो, पाच शब्दांचे तुम्ही किती पैसे द्याल? दमडीसुद्धा नाही ना? मग ऐका तर ही गंमत!

ट्विटरच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या जॅक डॉर्सी यांनी २००६ साली आपलं पहिलंवहिलं ट्वीट केलं. मोजून पाच शब्द! मार्च २०२१मध्ये या ट्वीटच्या डिजिटल मालकीपत्राचा इंटरनेटवर लिलाव झाला. हौशी श्रीमंतांची चढाओढ लागली आणि बोली थांबली २९ लाख डॉलरवर. म्हणजे तेव्हाचे सुमारे २१ कोटी रुपये!

वर्षभराने, एप्रिल २०२२मध्ये, घेणाऱ्याने तेच मालकीपत्र पुन्हा लिलावात काढलं. मागितले तब्बल ४ कोटी ८० लाख डॉलर! पण मुदत संपली तेव्हा सर्वांत मोठी बोली होती सुमारे २८० डॉलरची. म्हणजे जेमतेम २१ हजार रुपये!

ट्वीट तर तेच होतं. मग झालं काय? लिलावात भाव चढतो तो समोर दुसरा हटून बसलेला असतो म्हणून. तो उठून गेला, की भावही खाली बसतो. मित्राकडे आहेत म्हणून तसलेच महागडे बूट मागताना हे आठवा बरं का!

आणि हो, ते पाच शब्द वाचायला तेव्हाही कुणाला पैसे पडत नव्हते!