बंदूक रिकामी आहे, हे ठरवायचे कोणी?

नांदेड/लातूर - पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक पटकावले. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत यांनी घालून दिलेल्या परंपरेवर या पदकाने कळस चढवला. महाराष्ट्राच्या नेमबाजीचा हा इतिहास प्रामुख्याने मुंबई, पुणे आणि कोल्हापूर येथे घडला. मराठवाड्याला शस्त्राची ओळख झाली ती अधिक करून गणवेशातून. मुदखेड येथे केंद्रीय राखीव पोलिस दलाचे प्रशिक्षण महाविद्यालय आहे, चाकूर येथे सीमा सुरक्षा दलाचे आणि बाभळगाव येथे राज्य पोलिसांचे प्रशिक्षण केंद्र आहे. याखेरीज महाविद्यालयांतील एनसीसीचे छात्र पॉइंट टू टू रायफलीवर नेम धरायला शिकतात. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीतही रायफल शूटिंगचा समावेश आहे. त्यामुळे नेमबाजीच्या सुरक्षिततेचा प्रश्न नांदेड आणि लातूरच्या पालकांना परका राहिलेला नाही.

या प्रश्नाचा सर्वांत नाजूक भाग गोळीबार संपल्यानंतर सुरू होतो. फेरी संपते, खेळाडू साहित्य आवरू लागतो आणि त्याच वेळी रिकामी समजलेल्या बंदुकीत एक काडतूस शिल्लक असल्याचे ध्यानात येते. अशा वेळी काय करावे, याचे उत्तर वरवर सोपे वाटते. प्रत्यक्षात त्या दोन-तीन सेकंदांत माणसाच्या मनावर घाई आणि लाज यांचा ताबा असतो. चूक कोणाच्या लक्षात येण्यापूर्वी सावरून घ्यावी, असे वाटणे स्वाभाविक आहे आणि अपघाताचे मूळही तेथेच आहे.

एक गोळी मागे राहते कशी?

पंचवीस मीटर पिस्तुलासारख्या स्वयंभरित शस्त्रात मॅगझिन बाहेर काढले की शस्त्र रिकामे झाले, असा नवख्यांचा समज असतो. परंतु त्याआधीच चेंबरमध्ये सरकलेले काडतूस जागेवरच राहते. याउलट मॅगझिन आत असतानाच स्लाइड मागे ओढून सोडली, तर चेंबरमधील काडतूस बाहेर पडते आणि मॅगझिनमधील दुसरे त्याची जागा घेते. समोर एक काडतूस पडलेले दिसल्याने खेळाडूची खात्री पटते, शस्त्र मात्र भरलेलेच असते. म्हणूनच आधी मॅगझिन काढणे, मग स्लाइड किंवा बोल्ट उघडणे आणि शेवटी चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहणे, हा क्रम कधीही मोडायचा नसतो.

एअर रायफलीत अडचण निराळी असते. नळीत बसवलेला छर्रा काडतुसाप्रमाणे ओढून काढता येत नाही. तो रेंज अधिकाऱ्याच्या परवानगीने सुरक्षित दिशेनेच सोडावा लागतो. हवेची बंदूक म्हणून तिला खेळणे समजणे चुकीचे आहे. तिचा छर्रा डोळा कायमचा निकामी करू शकतो. पॉइंट टू टूची इवलीशी गोळी तर एक किलोमीटरहून अधिक अंतर कापू शकते.

हात वर, नळी समोर

शस्त्र भरलेले असल्याचे लक्षात आल्यावर खेळाडूने आपली जागा सोडू नये आणि मागे वळू नये. हाक कोणी मारली तरी मान वळवावी, नळी लक्ष्याच्याच दिशेला राहावी. बोट चापापासून दूर असावे. मोकळा हात वर करून त्याने रेंज अधिकाऱ्याला बोलवावे आणि शस्त्र भरलेले असल्याचे स्पष्ट शब्दांत सांगावे. अधिकाऱ्याने प्रथम रेषेपुढे कोणी गेलेले नाही ना, हे पाहावे. गरज भासल्यास संपूर्ण रेंज थांबवावी आणि मग आपल्या देखरेखीखाली शस्त्र रिकामे करून घ्यावे. चाप ओढूनही गोळी उडाली नसेल, तर बोल्ट लगेच उघडणे धोक्याचे असते. काडतूस उशिराने पेटू शकते. नळी समोर ठेवून सुमारे अर्धा मिनिट थांबावे, असा संकेत आहे.

शस्त्र पेटीत ठेवल्यावर शंका आली, तर पेटी तेथेच उघडण्याचा मोह टाळावा. प्रेक्षकांत किंवा वाहनतळावर शस्त्र हाताळण्यापेक्षा बंद पेटी तशीच ठेवून अधिकाऱ्याला बोलावणे आणि त्याच्यासोबत ती गोळीबाराच्या रेषेवर नेऊन तेथे उघडणे श्रेयस्कर ठरते.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचे नियम याच विचारावर उभे आहेत. शस्त्र भरण्याची मुभा केवळ गोळीबाराच्या जागेवर आणि आज्ञा झाल्यानंतरच असते. इतर वेळी रायफल आणि पिस्तुलात भडक रंगाचा सुरक्षा ध्वज घालावा लागतो. एअरगनसाठी तो नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा असावा लागतो. आत छर्रा असेल, तर हा ध्वज आरपार जाणारच नाही. रेषा सोडण्यापूर्वी खेळाडूने शस्त्र रिकामे केल्याची खात्री करायची असते आणि अधिकाऱ्याने ती पडताळून पाहायची असते. तपासणीविना शस्त्र पेटीत भरणाऱ्या खेळाडूला, सुरक्षिततेला बाधा आल्याचे ज्युरीचे मत झाल्यास, स्पर्धेतून बाद करता येते. पोलिस आणि निमलष्करी दलांत 'खाली कर' नंतर येणारी 'जाँच शस्त्र' ही आज्ञाही हेच सांगते. रिकामे करणारा एक आणि पाहणारा दुसरा, हे सूत्र मुदखेड किंवा चाकूरच्या जवानाला नवे नाही. नागरी स्पर्धांतही ते तितक्याच काटेकोरपणे पाळले जायला हवे.

शब्दावर विश्वास नको

दुसऱ्या नजरेअभावी काय घडते, याचे उदाहरण अमेरिकेत मिळते. ऑक्टोबर २०२१ मध्ये 'रस्ट' या चित्रपटाच्या सेटवर धोका नसल्याचे सांगून अभिनेत्याच्या हाती दिलेल्या रिव्हॉल्व्हरमधून खरी गोळी सुटली आणि छायाचित्रणकार हॅलिना हचिन्स यांचा मृत्यू झाला. शस्त्रांची जबाबदारी असलेल्या महिलेला २०२४ मध्ये १८ महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. मुंबईत १ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिनेते गोविंदा यांच्या परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधील गोळी त्यांच्याच पायाला लागली. दोन्ही घटना स्पर्धेतील नाहीत, परंतु शस्त्राच्या स्थितीविषयी गाफील राहण्याची किंमत त्या दाखवून देतात.

कायद्याची चौकट अलीकडे कडक झाली आहे. शस्त्र नियम २०१६ नुसार परवान्यासाठी अर्ज करणाऱ्याला सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण घ्यावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने समारंभातील बेदरकार गोळीबार दंडनीय ठरवला. निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवल्यास भारतीय दंड संहितेत कमाल दोन वर्षांची शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती पाच वर्षांपर्यंत वाढली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाल्यानंतर लातूरच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील शस्त्रपरवाने ऐरणीवर आले आणि अनेक परवाने रद्द झाले. कमरेला पिस्तूल लावून मिरवण्याच्या या वृत्तीला खरा उतारा शिस्तबद्ध नेमबाजीचाच आहे. मात्र त्यासाठी नेमबाजीची शिस्त निर्विवाद असली पाहिजे.

शिक्षेच्या धाकाने सारे साधेल, असे मानणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. विसर पडणे हा मनुष्यस्वभाव आहे. जो मुलगा स्वतःहून हात वर करून 'माझी बंदूक भरलेली आहे' असे सांगतो, त्याला चारचौघांत अपमानित केले, तर पुढच्या वेळी तोच काय, त्याच्या शेजारचाही गप्प राहील. चूक लपवून शस्त्र आवरणारा आणि चूक कबूल करून जागीच थांबणारा, या दोघांत प्रशिक्षकांनी आणि पंचांनी फरक केलाच पाहिजे.

जिल्हा पातळीवर स्पर्धा भरवणाऱ्यांसाठी यातून निघणारा अर्थ स्पष्ट आहे. लक्ष्यपट, रायफली आणि करंडक यांची तजवीज करण्यापूर्वी प्रशिक्षित रेंज अधिकारी नेमला गेला आहे काय, हे आधी पाहावे. फेरी संपल्यावर प्रत्येक शस्त्र स्वतः तपासल्याखेरीज एकही पेटी बंद होऊ न देण्याचा अधिकार त्याला असावा. वेळापत्रक कितीही लांबले, तरी त्या अधिकारात कोणी ढवळाढवळ करू नये. पालकांनीही पाल्याला रेंजवर पाठवताना शुल्काची चौकशी करण्याआधी शस्त्र तपासणारा दुसरा माणूस कोण, हे विचारावे. ज्या रेंजवर या प्रश्नाचे उत्तर तत्काळ मिळत नाही, तेथे मुलाच्या हाती रायफल न देणेच शहाणपणाचे.