लाल लघवी आणि अर्धवट सोडलेले औषध

क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या की लघवी लाल-केशरी होते. तो रिफाम्पिसिन या औषधाचा रंग आहे. त्याने अपाय होत नाही. परंतु मन्नाएखेळ्ळीकडच्या एखाद्या शेतमजुराला हे आधी सांगितले नसेल, तर रक्त पडते आहे असे समजून तो गोळ्या कणगीमागे टाकतो. मग त्याला अडाणी म्हणायला सगळे मोकळे! माझ्या मते यात दोष औषध देऊन गप्प बसणाऱ्याचा आहे.

औषध सहा महिन्यांचे. पहिले दोन महिने चार औषधे, पुढे चार महिने तीन. दीड-दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगावर मांस चढते. तेवढ्यात तुरीची रास येते किंवा ऊसतोडीची टोळी निघते. बरे वाटत असताना मळमळ आणि सांधेदुखी कोण सोसणार? पण औषध मध्येच सुटले की उरलेले जंतू त्याला दाद देईनासे होतात, आणि पुढचा उपचार अधिक कठीण होतो. मुंबईच्या पत्रकार नंदिता वेंकटेशन यांना अशाच कठीण उपचारात कानामायसिनची इंजेक्शने घ्यावी लागली आणि 2013 साली त्यांची श्रवणशक्ती गेली. पुढे बेडाक्विलिन या नव्या गोळीच्या पेटंटाची मुदत वाढू नये म्हणून त्या लढल्या, आणि मार्च 2023 मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला.

हातापायांना मुंग्या येतात त्या आयसोनियाझिडमुळे. बी-सहा जीवनसत्त्वाच्या स्वस्त गोळीने बहुधा थांबतात. मळमळीलाही उपाय आहे. डोळे पिवळे होणे, सारखी उलटी, अन्नावरची वासना उडणे, ही मात्र यकृताची हाक समजावी. एथाम्ब्युटॉलने नजर अंधुक होते, लाल-हिरव्यातला फरक कळेनासा होतो. असे झाल्यास पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. डॉक्टर तपासून औषध बदलतात किंवा एकेक करून पुन्हा सुरू करतात. आपल्या मनाने कायमचे सोडू नये.

1956 साली मद्रासला सुरू झालेल्या चाचणीत असे दिसले की घरी राहून औषध घेणारा रोगी आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच बरा होतो. पण त्या रोग्यांच्या घरी कर्मचारी जाऊन चौकशी करीत. आपण गोळ्या घरी आणल्या, चौकशी मागेच राहिली. सरकार औषध फुकट देते, आहारासाठी 2018 पासून महिना 500 आणि नोव्हेंबर 2024 पासून 1000 रुपये देते. ही चांगलीच गोष्ट. पण पाव तासाचे बोलणे कोण देणार?

पहिले पाकीट देताना रोग्याला आणि घरच्या एका माणसाला समोर बसवावे, आणि कन्नड, मराठी, दखनी, जी भाषा त्या घरात चालते तीत सगळे सांगावे. रोगी दारू पिणारा असेल तर त्याच्या बायकोला किंवा आईला आवर्जून बोलवावे. त्याच्या यकृतावर दोन्हीकडून भार असतो, आणि पिवळे डोळे आधी त्यांनाच दिसतात.