१३० डॉलरांचा कागद

सुपरमॅन ठाऊक नसलेला मुलगा आज विरळाच. मात्र त्याला जन्म देणाऱ्यांची नावे त्याच्या चित्रकथांवर अनेक वर्षे छापली जात नव्हती.

अमेरिकेतील क्लीव्हलँड शहराचे जेरी सीगल आणि जो शुस्टर हे शाळासोबती. सीगल कथा लिहीत, शुस्टर चित्रे काढीत. ठिकठिकाणांहून परत आलेला त्यांचा नायक अखेर १९३८ मध्ये एका प्रकाशकाने स्वीकारला. मोबदला १३० डॉलर, आणि त्यासोबत सर्व हक्क कायमचे लिहून देणारा कागद. दोघांचेही वय तेव्हा २३ होते. पुढे पानागणिक मेहनताना मिळत राहिला आणि तो वाईट नव्हता. मालकीत वाटा मात्र नव्हता. १९४७ मध्ये त्यांनी न्यायालयाचे दार ठोठावले. तडजोडीची काही रक्कम हाती आली. पण काम गेले आणि छापील नावही गेले. शुस्टर यांची दृष्टी अधू झाली. ज्या हातांनी तो नायक कागदावर उतरविला, ते पुढे पोटासाठी सामान पोहोचवू लागले.

न दिलेले घेऊ नये, हे अचौर्य अणुव्रत आपल्या परिचयाचे आहे. येथे तर दोघांनी स्वहस्ते लिहून दिले होते. कायद्याने प्रकाशकाच्या वहीत देणे शून्य. परंतु निर्मात्याचे नाव पुसणे, ही नोंद कोणत्या खात्यात मांडावी?

१९७५ मध्ये सुपरमॅनवर भव्य चित्रपट निघणार, हे कळताच सीगल यांनी आपली कैफियत वृत्तपत्रांकडे पाठविली. नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन हे व्यवसायबंधू स्वतःची कामे बाजूला सारून पुढे सरसावले. स्वार्थ कोणताच नव्हता, हे विशेष. डिसेंबरमध्ये कंपनीने प्रत्येकी वार्षिक २०,००० डॉलर तहहयात देण्याचे मान्य केले. रॉबिन्सन तेवढ्यावर थांबले नाहीत. नावासाठी ते अखेरपर्यंत अडून बसले आणि नाव परत मिळाले. दोघे तेव्हा ६१ वर्षांचे होते. १९७८ च्या चित्रपटात ते पडद्यावर झळकले.

१९३८ चा तो धनादेश एकूण ४१२ डॉलरांचा. त्यात इतर कामाचेही पैसे होते. २०१२ मध्ये लिलावात त्याला १,६०,००० डॉलर मिळाले. त्यावर दोघांची नावेही चुकीची लिहिली होती, म्हणून मागील बाजूस प्रत्येकाला दोनदा सही करावी लागली होती.