चाळणी कोणाच्या हातात?

‘आम्ही जात बघत नाही, फक्त गुणवत्ता बघतो.’ खासगी क्षेत्रातील आरक्षणाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास कानावर येते. आता त्याला नवी जोड मिळाली आहे. ‘आमच्याकडे तर अर्ज आधी माणूस बघतच नाही, सॉफ्टवेअर बघते!’ म्हणजे भेदभावाचा प्रश्नच मिटला. मित्रांनो, हा दावा आपण तपासला पाहिजे.

या सॉफ्टवेअरला अॅप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टिम, थोडक्यात एटीएस म्हणतात. एका जागेसाठी शेकडो अर्ज येतात. एटीएस ते गोळा करते, बायोडेटातून शिक्षण, अनुभव, कौशल्ये वेगळी काढते आणि अटींत न बसणारे अर्ज बाजूला सारते. काही ठिकाणी उरलेल्यांना क्रमही लावते. कंपनीचा वेळ वाचतो, याबद्दल आमचा वाद नाही. वाद अटींचा आहे. त्या अटी आकाशातून पडत नाहीत. एचआरमध्ये बसलेली माणसे त्या ठरवतात.

ही माणसे निवड कशी करतात? सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. त्यांनी खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची संधी सुमारे दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. पात्रता तीच, फरक फक्त नावाचा!

आता यंत्राला अशाच जुन्या निवडींवरून शिकवले, तर ते काय शिकेल? अॅमेझॉनने असा प्रयोग केला होता. दहा वर्षांत आलेल्या अर्जांवरून यंत्राला शिकवले. त्यांतले बहुतेक अर्ज पुरुषांचे होते. त्यामुळे बायोडेटात ‘विमेन्स’ हा शब्द दिसला की यंत्र गुण कमी करू लागले. प्रयोग गुंडाळावा लागला. २०१८ मध्ये रॉयटर्सने हे उघड केले.

आपल्याकडे जातीचा रकाना असण्याचीही गरज नाही. आडनाव आहे, पत्ता आहे, तालुक्याचे कॉलेज आहे. आणि ‘गॅप’ आहे. अमेरिका, ब्रिटन, जर्मनीतील कंपन्यांवरच्या हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या २०२१ च्या अहवालानुसार, जवळपास निम्म्या कंपन्या सहा महिन्यांहून मोठा गॅप असलेले अर्ज गाळतात. हाच निकष आपल्या वस्तीला लावून बघा. बहिणीच्या फीसाठी शिक्षण थांबवून साइटवर राबलेला मुलगा गळाला. चार वर्षे एमपीएससीची तयारी केलेली मुलगी गळाली. यात गुणवत्ता कुठे मोजली गेली?

संविधानाच्या कलम १६(४) चे संरक्षण शासकीय सेवेपुरते आहे. खासगी कंपनीच्या चाळणीला आज कोणी जाब विचारत नाही. पण जाब विचारता येतो. न्यूयॉर्क शहरात जुलै २०२३ पासून असा कायदा अमलात आहे. नोकरभरतीत अशी स्वयंचलित साधने वापरायची असतील, तर वंश आणि लिंग यांबाबत भेदभाव होतो का, याचे दरवर्षी लेखापरीक्षण करून निष्कर्ष जाहीर करावे लागतात. आपल्याकडे असा कायदा व्हावा आणि त्यात जात हा निकष असलाच पाहिजे, ही आमची पहिली मागणी.

दुसरी मागणी त्याहून सोपी आहे. ज्या यंत्राला नाव वाचता येते, त्याला नाव झाकताही येते. पहिल्या फेरीत नाव, फोटो, पत्ता झाका. खरोखर जात बघत नसाल, तर अडचण काय? म्हणूनच आम्ही सॉफ्टवेअरच्या विरोधात नाही. नीट लावले तर ते आपल्याही उपयोगाचे आहे.

कायदा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे नाही. बायोडेटा साधा ठेवा. तक्ते, चित्रे, नक्षी टाळा, कारण यंत्र त्यात गोंधळते. जाहिरातीत मागितलेले कौशल्य तुमच्याकडे असेल, तर त्यासाठी जाहिरातीतलाच शब्द वापरा. गॅपमध्ये केलेले काम, मग ते शिकवणीचे असो की दुकानातले, लपवू नका, तारखेसह लिहा. आणि कार्यकर्त्यांनो, जयंतीच्या वर्गणीतला एक छोटा हिस्सा विहारात बायोडेटा शिबिर घेण्यासाठी काढून ठेवा.

शिकलो, संघटित झालो. आता संघर्ष या न दिसणाऱ्या चाळणीशीही आहे.

जय भीम!